मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे

साताऱ्यातल्या एका घराच्या दिवाणखान्यात, शिसवी चौकटीत, १९६२ सालचा एक फोटो लावलेला आहे. घरातल्या मोठ्या मुलाचं लग्न झालं आणि महिनाभरात सगळं खटलं स्टुडिओत नेऊन तो काढला. पुढे सतरंजीवर चार पोरं, त्यांतलं एक ऐन वेळी हललेलं, त्यामुळे त्याला तोंडाच्या जागी नुसता धुरकट फराटा. मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभे पुरुष. सगळ्यांच्या पाठीशी रंगवलेला पडदा : संगमरवरी जिना, दोन खांब आणि राजहंसांचं तळं, म्हणजे साताऱ्यात तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही असं सगळं. नवरदेवाने डावा हात गुडघ्यावर असा ठेवलाय की सासऱ्याने दिलेलं घड्याळ नजरेतून सुटू नये. एकही माणूस हसत नाही.

आणि मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे, काळी टोपी आणि गळाबंद कोट घातलेले एक गृहस्थ आहेत. पोरं त्यांना 'टोपीवाले मामा' म्हणतात. घरात प्रत्येकाला ते दुसऱ्या कोणाचे तरी नातलग वाटतात. आजींना माहीत असणारच, म्हणून आजवर कोणी विचारलेलं नाही. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांच्या नावाने जे पान वाढतात, त्यात त्यांचीही सोय होऊन जाते.

त्या फोटोतली नवी नवरी म्हणजे आजच्या आजी. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं तेव्हा घराने ठरवलं की या खेपेला फोनवर भागवायचं नाही, रीतसर फोटोग्राफर बोलवायचा. कारणही रास्त होतं. अठरा माणसांच्या अठरा फोनांत फोटो हजारोंनी, पण अठराही जण असलेला एकही नाही, कारण काढणारा नेहमी बाहेर राहतो. शिवाय या घराने आठवणी जपण्याचे जे जे आधुनिक उपाय केले ते एकेक करून दगा देऊन गेले होते. १९६२चा कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत, कारण त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची. १९८४च्या मुंजीचे रंगीत फोटो मात्र असे तांबडे झालेत की बटू, भटजी आणि भिक्षावळीतले लाडू सगळे एकाच जंगलाच्या वणव्यात सापडल्यासारखे दिसतात. त्या काळच्या रंगीत कागदावरची रंगद्रव्यं सारख्या वेगाने विटत नाहीत. निळसर छटा आधी जाते, मागे तांबडी उरते. २००५च्या लग्नाची व्हीसीडी तर अगदी सुस्थितीत आहे, फक्त ती चालवायला घरात आता काही नाही. ती तबकडी सध्या गॅलरीत कबुतरं हुसकायला टांगली आहे आणि ते काम चोख करते.

तर व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप निघाला आणि पहिला वाद रंगाचा झाला.

नवरात्राच्या नऊ रंगांनी मराठी घरांना एका दिवशी एका रंगात यायची शिस्त लावलेली आहेच, त्यामुळे 'सगळ्यांनी सारखं' यावर दुमत नव्हतं. कोणतं सारखं, एवढाच प्रश्न. पुण्याच्या सूनबाईंनी 'पेस्टल' सुचवलं. आजींनी विचारलं, पेस्टल म्हणजे कोणता गं? नातीने फोनवर नमुने दाखवले. आजींनी चष्मा सारखा करून नीट पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे नवंच घ्यायचं, पण विटलेलं." मोठ्या काकांनी आपण पांढऱ्या सदऱ्याखेरीज काही घालत नाही असं कळवलं. धाकट्या जावईबापूंनी अंगठा उंचावल्याची खूण पाठवली, ती कशाला होती हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग फोटोग्राफरची यादी आली. ठरवलेली फोटोग्राफर ही तिशीतली मुलगी होती आणि तिने अठरा जणांना नियम घालून दिले, हे मोठ्या काकांना, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांना, जरा लागलंच. अगदी बारीक चौकडा किंवा बारीक रेघा नकोत : कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची जाळी असते, कापडाच्या रेघा तिच्याशी गुंतल्या की फोटोत कापडावर लाटा उठतात. भडक लाल नको : उन्हात शेजारच्याच्या गालावर त्याची लाली चढते. छातीवर मोठी अक्षरं असलेले टी-शर्ट नकोत, पाहणाऱ्याची नजर तोंड सोडून वाचायला लागते. आजींची ठेवणीतली साडी इरकल, म्हणजे अंगभर बारीक चौकडा आणि काठ लाल. घरात शांतता पसरली. सूनबाईंनी भीत भीत फोटोग्राफरला फोन लावला. ती म्हणाली, "आजींना जे आवडतं ते नेसू द्या. लाटा उठल्या तर मी दोन पावलं मागे जाईन. बाकीच्यांनी आजींना शोभेल असं घाला." या एका वाक्याने तिने आजी खिशात घातल्या, आणि पेस्टलवर झालेला आठवडाभराचा खल वाया गेला.

"पोरगी आहे, अठरा माणसं आवरतील का तिला," असं मोठे काका तरीही म्हणालेच. त्यांना माहीत नसावं की हैदराबादेत छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी १८९२ साली खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तेव्हा त्याचा कारभार एका इंग्रज बाईच्या हाती दिला होता. पडद्यातल्या बायकांना बाहेरची नजर लागू नये म्हणून भोवती उंच भिंती बांधल्या होत्या. तेव्हा 'फोटोसाठी किती ते सोपस्कार!' अशी तक्रार आजच्या पिढीबद्दल करण्यात अर्थ नाही. सोपस्कार कॅमेऱ्याइतकेच जुने आहेत. फोटोग्राफीचं तंत्र पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झालं, आणि पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. सोसायटीनंतर पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचं शिक्षण सुरू झालं आणि छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण तिथूनच तयार होऊन निघाले. त्या आरंभीच्या काळात प्रतिमा उमटायला इतका वेळ लागे की माणसाने निश्चल राहावं म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी दांड्याचा चिमटा लावत. जुना फोटो निरखून पाहिला तर कधी कधी पूर्वजांच्या पायांमागे तिसरा पाय दिसतो, तो त्या दांड्याचा.

पूर्वज हसत का नाहीत याचं कारण म्हणून हाच चिमटा नेहमी पुढे केला जातो. पण १९६२ साली काही चिमटा नव्हता. क्षणभरात फोटो निघत होता. तरी साताऱ्याच्या फोटोत सगळे असे बसलेत जणू निकाल ऐकायला कोर्टात आलेत. स्टुडिओचे पैसे मोजलेले, प्रत्येक फिल्म मोजून वापरायची, सासरे पुढ्यात बसलेले, आणि नव्या सुनेने दात दाखवायचे? आपलं प्रामाणिक मत असं की लोखंडाचा चिमटा गेला तरी दुसरा एक चिमटा बराच काळ मानेमागे होता.

पुढचा पेच वेळेचा. गुरुजींचा मुहूर्त सकाळचा. फोटोग्राफर म्हणाली, उन्हं कलल्यावर. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी दिसतात आणि नाकाखाली सावलीच्या मिशा उगवतात, बायकांनासुद्धा. मग सकाळी होम, दुपारी पुरणपोळी आणि संध्याकाळी सव्वापाचला वाड्याच्या चौकात फोटो असं ठरलं. यात पुरणपोळीचा हिशेब कोणीच केला नव्हता. तुपाची धार आणि कटाची आमटी पोटात गेल्यावर माणूस जो दिसतो, तो त्याने पुढल्या पिढ्यांसाठी राखून ठेवावा असा नसतो. साडेचारला घरात अठरापैकी अकरा जण आडवे होते. पोरांना उठवलं तर ती रडू लागली, आणि मोठ्यांना उठवलं तर त्यांनी "मी झोपलोच नव्हतो" असं सांगितलं.

तोवर फोटोग्राफर चौकात खुर्च्या मांडत होती. अठरा माणसांना तीन रांगा. लेन्स जास्त रुंद घेतली तर कडेची माणसं फुगतात. भिंग फार उघडं ठेवलं तर पुढची रांग स्पष्ट आणि मागची धुक्यात. म्हणून ती बरीच लांब उभी राहिली, तुळशीवृंदावनाच्याही पलीकडे. या तिच्या अडचणी. घराच्या वेगळ्या होत्या.

खुर्च्या पाच. मधली आजींची, यात प्रश्न नाही. आजींच्या उजव्या हाताला मोठे काका, तेही ठरलेलं. डाव्या हाताला थोरल्या आत्या की मोठ्या काकू? एक लेक, एक सून. आत्या म्हणाल्या, "मला काय, मी कुठेही बसेन," आणि बसून राहिल्या. काकू म्हणाल्या, "बसा ना तुम्ही, मला उभं राहायची सवय आहे," आणि हे वाक्य चौकातल्या सगळ्या सुनांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. जावयांना कडेला उभं करावं तर मान राखला नाही, मध्ये घ्यावं तर सख्खे चुलत मागे पडतात. उंची, वय, नातं आणि रुसवा या चार गोष्टी एका रांगेत बसवायच्या म्हणजे पंगतीत बसवण्यापेक्षा कठीण, कारण पंगत अर्ध्या तासात उठते आणि फोटो भिंतीवर साठ वर्षं राहतो.

खरी पंचाईत झाली ती नातवाच्या होणाऱ्या बायकोची. साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात. मधल्या काकांनी फोटोग्राफरला बाजूला घेऊन, आपल्या मते हळू आवाजात, सांगितलं, "तिला जरा टोकाला ठेवा. म्हणजे कसं, उद्या काही कमी-जास्त झालं तर..." आणि दोन बोटांनी कात्रीची खूण केली. आजींचे कान ऐंशीतही शाबूत. त्यांनी मुलीला हाक मारली, आपल्या पायाशी पाट ठेवायला लावला आणि तिला तिथे बसवून तिच्या खांद्यावर हात ठेवला. आता तिला कापायचं तर आजींचा हात कापावा लागणार. मधले काका निमूट मागच्या रांगेत गेले.

मग सुरू झालं पापण्यांचं प्रकरण. अठरा माणसांतला एक तरी नेमका डोळे मिटतो, हा अनुभव सगळ्यांना आहे, पण त्याचा हिशेब मांडून दाखवला तो ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी : तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांनी. सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी फोटो जवळपास खात्रीने मिळायला किती फोटो काढावे लागतील, हे त्यांनी गणिताने काढलं आणि २००६चं गणिताचं इग नोबेल पटकावलं. आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं अशा संशोधनाचं ते पारितोषिक. नियम सोपा आहे. माणसं विसाच्या आत असतील तर संख्येला उजेड चांगला असताना तीनने भागायचं, उजेड कमी असताना दोनने, कारण कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि पापणीला तेवढी जास्त संधी मिळते. माणसं पन्नासांच्या घरात गेली की मात्र भर उजेडातही आशा सोडावी.

हा नियम अभियांत्रिकीतल्या नातवाने आदल्या रात्री मोठ्या काकांना सांगितला होता आणि हे त्याने करायला नको होतं. उन्हं कलली होती, म्हणजे अठरा भागिले दोन, नऊ. काका मोठ्याने मोजू लागले. नववा फोटो होताच "झालं! शास्त्राप्रमाणे पुरे," म्हणून खुर्चीतून उठले. दहाव्या फोटोत काकांची पाठ आहे. फोटोग्राफरने त्यांना परत बसवून आणखी पंधरा काढले. मुख्याध्यापकांना खाली बसा म्हणणारं माणूस घराने प्रथमच पाहिलं.

हसण्याचं तिने वेगळंच केलं. 'चीज' म्हणायला लावतात ते तोंडातल्या ईकारासाठी, ओठ आपसूक फाकतात. पण आजींची पिढी 'चीज' म्हणताना एखादं औषध गिळल्यासारखा चेहरा करते. ही म्हणाली, "सगळ्यांनी एकदम म्हणा, भजी!" ईकार तोच, वर तोंडाला पाणी. आजींनी विचारलं, "कांद्याची का बटाट्याची?" त्यावर जे हसू फुटलं, ते अकराव्या फोटोत आहे.

समूहाचा फोटो झाल्यावर तिने आजी आणि दोन लेकी असा वेगळा फोटो घ्यायचं म्हटलं. काकू पुढे आल्या. तिघींचा फोटो काढू नये, मधल्याला वाईट. ही समजूत महाराष्ट्रात अजून घट्ट आहे आणि तिच्यावरचा तोडगाही ठरलेला : रस्त्याने जाणारं पोर धरून आणायचं आणि चौथं करायचं. कित्येक घरांच्या अल्बमात अशी परकी पोरं कडेवर आहेत. डॉक्टरकी शिकणारी नात मात्र हटून बसली. तिने फोनवर तो प्रसिद्ध फोटो काढून दाखवला : १८८५ सालचा, फिलाडेल्फियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला. तिघी परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात. साडीत आनंदीबाई जोशी, किमोनोत जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली. "बघ आजी, मधल्या ओकामी. १९४१ पर्यंत जगल्या. ऐंशीच्या पुढे. तुझ्यासारख्याच!"

आजींनी फोन हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला. "आणि ही कडेची, आपली आनंदी?"

नात काही बोलली नाही. आनंदीबाई १८८७च्या फेब्रुवारीत गेल्या, एकविसाव्या वर्षी. आजींनी फोन परत दिला, मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि दोन्ही लेकींना बोलावलं. पोर आणलं नाही.

पंधरा दिवसांनी फोटो आले. सगळ्यांचे डोळे उघडे, पोटं आत. समूहाच्या फोटोत मोठे काका अकराव्या फोटोतले, मधले काका चौदाव्यातले आणि धाकटं पोर एकविसाव्यातलं होतं. म्हणजे जो क्षण चौकटीत बसवायचा होता, तो तसा घडलाच नव्हता, संगणकावर जुळवला होता. यातही नवं काही नाही. संगणक नव्हता तेव्हा काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या बुजवत, आणि नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजींसमोर हात जोडून उभ्या भक्ताचं चित्र रंगवून त्याच्या धडावर फोटोतला चेहरा कापून चिकटवत. यजमान त्या दिवशी तिथे होते की दुकानात, हे देवालाच ठाऊक.

फोटो सगळ्यांना पसंत पडला. आजींनी तो खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "माझं गोंदण कुठं गेलं?"

आजींच्या हनुवटीवर हिरवट ठिपक्यांचं गोंदण आहे. तीन ठिपके, त्यातला मधला जरा फाकलेला, कारण गोंदताना त्या हलल्या होत्या. आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने दोन्ही हात धरले होते आणि दुसऱ्या दिवशी हळदीचा लेप लावला होता. त्वचा नितळ करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते डाग वाटले. त्याने ते पुसले आणि जाता जाता कपाळावरच्या चार आठ्याही नेल्या. फोटोग्राफरने फोनवर चारदा माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी गोंदण परत आणून दिलं. आठ्यांचं काय करू, तिने विचारलं. "त्याही आण," आजी म्हणाल्या, "मी मिळवल्यात त्या."

नवा फोटो लावायला जागा म्हणून जुना खाली उतरवला, तेव्हा कुठे कोणाला तरी सुचलं आणि आजींना विचारलं : डावीकडून तिसरे, हे टोपीवाले कोण?

आजींनी पाहिलं. "हे होय? मला वाटायचं तुमच्या आजोबांकडचे कोणी असतील. नवी नवरी मी, विचारणार कशी? आणि पुढे एकदा सासूबाईच मला म्हणाल्या, तुझ्या माहेरचे ते टोपीवाले पुन्हा आले नाहीत गं कधी."

चौकट उघडून फोटोची मागची बाजू पाहिली. स्टुडिओचा अर्धवट पुसलेला शिक्का होता. नाव एकही नव्हतं.

नव्या फोटोच्या मागे त्याच संध्याकाळी नातीने अठरा नावं लिहिली, रांगेने, डावीकडून उजवीकडे, तारखेसकट. वाचकांनीही आपल्या भिंतीवरचा एखादा फोटो आजच उतरवून पाहावा, ओळखणारं माणूस घरात आहे तोवर. लिहिताना मऊ शिशाची पेन्सिल घ्यावी, कागद पालथा कडक सपाट जागेवर ठेवावा आणि कडेकडेने हलक्या हाताने लिहावं. बॉलपेन घेऊ नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.